घरात कुणाला होतं का?

मुलुंड,
४ ऑक्टोबर १९५६

वन्संना नलिनीचा नमस्कार.

अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच ठेवून द्याल अशी भीती वाटली, म्हणून पाकिटावरचा पत्ता मालनकडून लिहून घेतला आहे. मालन म्हणजे आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली. आठ वर्षांनी लिहिते आहे. तुमची खुशाली विचारायला मला तोंड नाही, तेव्हा ते सोडते. एकच विचारायचं आहे आणि त्याचं उत्तर लवकर हवं आहे.

मामंजींच्या तेराव्याला पंगत बसली होती, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "थोरला मुलगा जिवंत आहे आणि धाकटा पिंड देतोय." मला तर लग्न झाल्यापासून हेच सांगितलेलं की थोरले भावजी, दत्ताराम, सतरा वर्षांचे असताना कराचीला विषमज्वरानं गेले. मी तुम्हाला काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. "तुमचंच डोकं फिरलंय, वन्सं. पुन्हा या घरात पाऊल टाकू नका." तुम्ही तशाच उठलात आणि रात्रीच्या गाडीनं अमरावतीला परत गेलात. हे वाढलेल्या पानाकडे बघत बसून राहिले.

वन्सं, भावजी खरंच आहेत का? असले तर कुठे? त्यांना काय झालं होतं?

विचारते आहे ती आमच्या मुलीसाठी, उत्तरासाठी. तुम्ही पाहिलीत तेव्हा चार वर्षांची होती. आता बारा पुरी झाली. जूनपासून शाळेत नाही. टायफॉइडनंतरचा अशक्तपणा आहे असं आम्ही बाहेर सांगतो. टायफॉइड झालेला नाही.

आजच तिला परळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. डॉ. माणिक तेलंग. विलायतेत शिकून आल्या आहेत आणि मुलांच्या मनाचे आजार बघतात, दर गुरुवारी. त्यांनी कागद पुढे ओढून पहिलं हेच विचारलं, "घरात कुणाला होतं का असं काही?"

हे म्हणाले, "नाही."

"आईकडे? वडिलांकडे? काका, आत्या, मामा?"

"कुणालाही नाही."

बाईंचा प्रश्न संपायच्या आत म्हणाले. बाईंनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लेखणी खाली ठेवली. मला तेव्हा तुमची आठवण झाली.

उत्तर मालनच्या नावानं पाठवा. यांना या पत्राची कल्पना नाही.

नलिनी


२२ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "आहे. मधुकरला विचार." तीन शब्द. साधं कार्ड, तेव्हा मालननं वाचलंच असणार. वाचू दे.

आधी राग आला. मग वाटलं, मीही तुम्हाला अर्धवटच लिहिलं होतं. तेव्हा आता सगळं लिहिते.

होळीच्या सुमारास सुरू झालं. मालनच्या घराकडची खिडकी उत्तरा लावून घ्यायला लागली. ती माणसं माझ्याबद्दल बोलतात म्हणाली. आम्ही हसलो. मग एकटीच पुटपुटायची, मध्येच थांबून ऐकायची, पुन्हा पुटपुटायची. परीक्षेत गणिताचा पेपर कोरा दिला. भूमितीत वर्गात पहिली येणारी मुलगी! मे महिन्यात एके दिवशी तिच्यापुढे ताट ठेवलं तर ती भिंतीला जाऊन टेकली आणि म्हणाली, "तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. माझ्या आईला कुठे ठेवलंय?"

तेव्हापासून मला 'तुम्ही' म्हणते. माझ्या हातचं खात नाही. यांनी वाढलं तर खाते, कधी मालननं दिलं तर खाते. हे साडेआठला कचेरीत जातात ते संध्याकाळी येतात. तोवर ती उपाशी, आणि मी पण. मी जितकं सांगते, "बाळ, मीच गं तुझी आई," तितकी ती घाबरते. कानांवर हात ठेवून ओरडते.

पाचरस्त्याच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, म्हणाले, वयात येताना होतं असं. घाटकोपरच्या वैद्यांनी डोक्यावर तेलाची धार धरायला सांगितली. मालन मला वर्सोव्याला एका बाईंकडे घेऊन गेली, त्यांच्या अंगात येतं. त्यांनी उत्तराच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला म्हणाल्या, "पोरीला काय झालं नाय, तूच तिच्यावर नजर ठेवू नको." ते मनाला लागलं, कारण दिवसभर मी दुसरं काही करतच नाही. दादरच्या एका बड्या डॉक्टरांनी पाच मिनिटं बघून विजेचे झटके द्यायची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी अजून डब्यात आहे. द्यावेत का? कुणाला विचारू? हे म्हणतात थांबू. किती थांबू?

ऑगस्टमध्ये भर दुपारी ती घरातून गेली. मी आणि मालन पाचरस्त्यापासून स्टेशनपर्यंत शोधून आलो. शेवटी मिठागरातल्या एका माणसानं आणून सोडली. रुळांच्या पलीकडे, मिठाच्या वाफ्यात, गुडघाभर पाण्यात तासभर एका जागी उभी होती म्हणाला. पायांची साल निघाली होती. मी पाय पुसायला गेले तर म्हणाली, "तुम्ही नका. ते लिहून ठेवतायत."

त्यानंतर शाळेतल्या नीलाबाई घरी आल्या. त्यांना खोटं सांगवलं नाही. तेलंगबाईंचं नाव त्यांनी दिलं. बाईंनी तिला तासभर स्वतःजवळ बसवून घेतलं, काही विचारलं नाही, नुसता कागद आणि पेन्सिल दिली. आम्हाला म्हणाल्या, "आजार खरा आहे, मोठा आहे, आणि इतक्या लहान वयात फार क्वचित दिसतो. घाईनं मी काही करणार नाही. पण मला घरचं सगळं कळायला हवं." तिच्या मनगटांवरचे वळ बघून विचारलं, हे कशाचे? मी म्हटलं, बांगड्यांचे.

यांना विचारायला सांगता. कसं विचारू? 'हो' म्हणाले तर त्या एका शब्दात उत्तराचंही ठरून जाईल असं वाटतं. भावजी परत आले नाहीत, तशी तीही

थांबते. आत काहीतरी पडलं.

काही नाही, तांब्या होता. ती कोपऱ्यात उभी आहे. टाकते पत्र असंच.

नलिनी


६ नोव्हेंबर

वन्सं,

भाऊबीज होती रविवारी. हे सकाळी दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून निघाले. महिन्यातला पहिला रविवार. यांचे जुने साहेब ठाण्याला असतात, आजारी असतात, म्हणून हे दर महिन्याला त्यांना भेटायला जातात. दहा वर्षं मी डब्यात काहीबाही भरून देते. परवा चकल्या आणि अनारसे भरले, डबा यांच्या हातात दिला आणि का कोण जाणे, डब्यावरचा हात काढलाच नाही. दुसऱ्या हातानं तुमचं कार्ड पुढे केलं.

वाचलं. खाली बसले. मला वाटलं आता ओरडतील. कार्ड खिशात घातलं आणि म्हणाले, "उत्तराजवळ मालन बसेल का?"

"बसेल."

"मग चल."

वन्सं, इथून ठाणं एकच स्टेशन. आम्ही गिरगावातून एवढ्या लांब मुलुंडला का आलो ते मला परवा कळलं.

ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकावरचा माणूस यांना नमस्कार करून म्हणाला, "कारखानीससाहेब, आज वहिनीपण?" मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. फाटकावरच्या माणसाला माहीत आणि मला नाही!

भावजी व्हरांड्यात वेताची खुर्ची विणत बसले होते. केस पांढरे, चेहरा अगदी मामंजींचा. मला काहीतरी भयंकर दिसेल अशी धास्ती होती. त्यांनी वेत बाजूला ठेवला, हात पुसले आणि मला म्हणाले, "तू नली. मधू सांगतो तुझ्याबद्दल. अनारसे चांगले करतेस." मग यांना विचारलं, "ताईचं पत्र या महिन्यात उशिरा आलं. बरी आहे ना?"

दर महिन्याला तुमचं पत्र येतं म्हणे. सत्तावीस वर्षं. पूर्वी ते फोडत नसत. आता स्वतः वाचतात.

आता म्हणजे गेल्या वर्षापासून. एक नवी गोळी आली आहे, ती त्यांना दिली. पहिल्या महिन्यात कावीळ झाली, म्हणून बंद केली. मग अगदी थोडी थोडी पुन्हा सुरू केली. चौथ्या महिन्यात त्यांनी यांना 'मधू' म्हणून हाक मारली. हे सगळं हे मला तिथे, त्यांच्यासमोर सांगत होते आणि मी यांच्या तोंडाकडे बघत होते. हे सगळं ठाऊक असूनही हा माणूस तेलंगबाईंसमोर 'कुणालाही नाही' म्हणून आला!

मी भावजींना उत्तराचं सांगितलं. यांनी मला खुणेनं थांबवलं तरी सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच नजर दुसरीकडे जायची, ओठ हलायचे, मग परत यायची.

"आई नाही म्हणते?"

"हो."

"मलाही आई आमची वाटायची नाही. तिचं तोंड तेच, पण आतून दुसरं कुणी बघतंय असं वाटायचं. ती रडत यायची, 'दत्तू, मी तुझी आई' म्हणायची. जेवढी म्हणायची तेवढी भीती वाटायची. खरी आई कशाला सांगत बसेल, मी आई म्हणून?"

मी डब्यातले अनारसे त्यांच्यापुढे ठेवले.

"तिला सांगत जाऊ नकोस," भावजी म्हणाले. "भूक लागलीय का विचार. ताट ठेव आणि लांब बस."

परत येताना हे ठाण्याच्या फलाटावर बाकावर बसले आणि उठेचनात. म्हणाले, "नली, दादाला मीच नेलं होतं. पंधरा वर्षांचा होतो. तो दुसऱ्या कुणाबरोबर जायला तयार नव्हता, म्हणून बाबांनी मला पुढे केलं. सर्कस बघायला जाऊ म्हणून सांगितलं मी त्याला. माझा हात धरून आला. आठ दिवसांत परत आणू म्हणाले होते." मग म्हणाले, "मी बोललो की ते उत्तराला ठेवून घेतील. बोललो नाही तर ती घरी राहील. एवढंच डोक्यात होतं."

माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण मी शेजारी बसले.

काल दुपारी उत्तराचं ताट ठेवलं. आई हा शब्द तोंडातून काढला नाही. "भूक लागली असेल तर जेव," म्हटलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन पाठमोरी बसले. बराच वेळ काही नाही. मग ताटावर वाटी सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

अर्धी पोळी आणि सगळी आमटी.

नलिनी


२५ नोव्हेंबर

वन्सं,

गेल्या गुरुवारी उत्तराला परळच्या इस्पितळात, तेलंगबाईंच्या वॉर्डात ठेवलं. आज चौथा दिवस. तीन आठवडे मला भेटायची परवानगी नाही.

आधीच्या गुरुवारचं सांगते. यांनी बाईंसमोर बसल्या बसल्या सगळं सांगितलं. भावजींचं वय, सुरुवात कशी झाली, ती गोळी, कावीळ, कुणी कधी काय केलं. सांगताना घाम पुसत होते. बाई लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ही गोळी इतक्या लहान मुलीला द्यायला मी धजत नव्हते. सख्ख्या काकांना गुण आला आहे म्हटल्यावर देऊन बघायला जागा आहे. काविळीचं सांगितलंत हे फार बरं केलंत. अगदी थोडी सुरू करू, रक्त तपासत राहू. पण घरी नाही. इथे, माझ्या नजरेसमोर."

"मग ती परत कधी..." यांनी विचारलं.

"खोटं सांगणार नाही. काही महिने लागतील. पूर्ण बरी होईल असं वचन देत नाही. पण तिला इथे ठेवून विसरून जायचं नाही, हे वचन तुम्ही मला द्यायचं आहे."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "मनगटावरचे वळ बांगड्यांचे नव्हते. माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांचे होते. मिठागराच्या प्रकारानंतर. दुपारी पाण्याला, बाजाराला जायचं असलं की मी तिला पलंगाला बांधत होते. पंधरा-वीस वेळा बांधलं असेल." यांना हे माहीत नव्हतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि वन्सं, त्या घटकेला आमच्या दोघांपैकी कोण जास्त लबाड हे मला सांगता आलं नसतं.

बाई म्हणाल्या, "दिवसभर तुम्ही एकट्याच होतात ना घरी?" एवढंच. मी मान हलवली. इतक्या महिन्यांत मला ते पहिल्यांदा कुणी विचारलं.

नेताना खोटं सांगायचं नाही असं यांनीच ठरवलं. सकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "उत्तरा, तुला बरं नाही. आपण इस्पितळात जायचंय. तिथे राहावं लागेल. किती दिवस ते मला माहीत नाही. मी दर रविवारी आणि गुरुवारी येईन."

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या येणार?"

"आत्ता नाही."

ती उठली आणि आपले कपडे आपण घडी करून पिशवीत भरायला लागली. किती महिन्यांनी तिनं स्वतः होऊन काही हातात घेतलं! मी दारात उभी राहून बघत होते. मला सोडून जायला ती एवढी तयार होती.

घरात आता आवाज नाही. खिडकी उघडली तर ती लावायला कुणी नाही. मालन येऊन बसते, भाजी निवडून देते. खालच्या मजल्यावरच्या बायकांनी विचारलं, उत्तरा कुठे? मी टायफॉइड म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "तिच्या मनाला आजार झालाय. परळला ठेवलीय." एकजण लगेच घरात गेली. कालपासून त्यांची मुलगी आमच्या जिन्यात खेळत नाही.

आता तुमचं. तेराव्याच्या दिवशी तुम्ही खोटं बोलत नव्हतात हे मला तेव्हाच कळलं होतं. यांनी मान वर केली नाही, तेव्हाच. मला ते खरं नको होतं. घरात लहान मुलगी होती, उद्या तिचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मी तुम्हालाच वेडी ठरवली आणि घराबाहेर काढली. त्याची माफी पत्रात मागून होत नाही, तरी मागते.

तेलंगबाई विचारत होत्या, काकांचं पहिलं वर्ष आठवणारं घरात कुणी मोठं आहे का. हे तेव्हा शाळेत होते, यांना तुकडे तुकडे आठवतात. तुम्हीच आहात. नाताळात तुमची शाळा बंद असेल ना?

नलिनी


४ फेब्रुवारी १९५७

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून महिना झाला. भावजी विचारत होते, ताई पुन्हा कधी येणार. त्या दिवशी तुम्ही दोघं व्हरांड्यात बसलात आणि तासभर एक शब्द बोलला नाहीत, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेलंगबाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलेलं त्यांना फार उपयोगी पडलं, विशेषतः भावजी त्या पहिल्या वर्षी मध्येच दोन महिने बरे होते, ते.

इथली काळजी आहे तशीच आहे. गोळी डिसेंबरात सुरू केली, ती वाढवली, मग उत्तराचे हात थरथरायला लागले म्हणून कमी केली. भेटायला गेले की मी आधी तिचे डोळे बघते, पिवळे दिसतात का. खिडकीपाशी पिवळे वाटतात, सावलीत नाही. सिस्टरना तीन वेळा विचारलं. त्या म्हणाल्या, बाई, तुमचेच डोळे तपासून घ्या. जानेवारीत एक आठवडा ती पुन्हा कुणाशी बोलेना, तेव्हा हे दोन दिवस कचेरीत गेले नाहीत. फाटकाबाहेर उभे राहायचे.

आता थोडं बरं आहे. झोपते. जेवते, कुणीही वाढलं तरी. वॉर्डातल्या दुसऱ्या एका मुलीला भूमिती शिकवते म्हणे. ते बोलणारे लोक आहेत अजून, पण लांबून बोलतात, असं तिनं बाईंना सांगितलं. बाई म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत घरी नेऊन बघू, पुन्हा आणावं लागलं तर पुन्हा आणू. शाळेचं नाव आत्ता काढायचं नाही. हे कधी संपेल असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "संपेल की नाही ते मला माहीत नाही. पण तुमची मुलगी त्यात दिसायला लागली आहे."

काल रविवार. मी शिरा नेला होता. तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, भावजींनी सांगितलं तशी, थोडी लांब. तिनं खाल्लं. डबा पुसून झाकण लावून माझ्याकडे दिला. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पूर्वीसारखी घाबरून नाही.

"तुम्ही दर वेळी येता," ती म्हणाली.

"हो."

"लांबून येता?"

"मुलुंडहून."

"आमचं घर पण तिथेच आहे." मग म्हणाली, "तुम्ही माझ्या आईसारख्या दिसता. अगदी."

ओठांवर आलं होतं, वन्सं. दात दाबून धरलं.

"तिला एक निरोप सांगाल का?"

"काय सांगू?"

"मी इथे आहे म्हणावं. शोधू नको म्हणावं. मी येईन."

"सांगते," मी म्हटलं.

बाहेर हे उभे होते. माझा चेहरा बघून घाबरले. "काय झालं? काय म्हणाली ती?"

"आईला निरोप दिलाय तिनं," मी म्हटलं.

नलिनी